भूल दिलेले जनावर कूस बदलत नाही
(घोडा, बैल व गाय यांच्या स्नायूंना इजा होऊ नये म्हणून घ्यावयाची काळजी)



या पानावर आपण नेहमी बेणे, खोडवा, पाचट आणि खताच्या मात्रा यांबद्दल बोलतो. या खेपेस विषय वेगळा आहे, आणि तो एका सभासदाच्या प्रश्नातूनच निघालेला आहे.

मागच्या महिन्यात दीपनगर गटात उसाची पाहणी करीत असता एका सभासद बांधवाच्या मळ्यावर चहाला थांबलो. गोठ्यात दोन बैल, एक म्हैस, आणि बाजूला सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेला तीन वर्षांचा घोडा. सारंगखेडा आपल्याला परके नाही. तापीकाठचे हे गाव पूर्वी धुळे जिल्ह्यात होते. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाल्यापासून ते त्या जिल्ह्यात, शहादा तालुक्यात मोडते. दत्तजयंतीला तिथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजार भरतो. आपल्या भागातले हौशी लोक तिथून घोडे आणतात. या बांधवाचा घोडा अंगापिंडाने चांगला, पण वयात आल्यापासून आवरेना. म्हणून त्याला खच्ची करायचे ठरले. डॉक्टरांनी तारीखही दिली. पण मालकाच्या मनात धाकधूक होती. ते म्हणाले, "साहेब, भूल दिल्यावर तो उठेल ना? आमच्या पाहुण्यांकडे एका घोड्याचं ऑपरेशन झालं. जखम बरी झाली, पण घोडा पायाने गेला. औषध जास्त झालं म्हणतात."

शंका रास्त होती, पण "औषध जास्त झालं" हा निष्कर्ष मात्र घाईचा होता. घोडा पायाने जातो त्याचे कारण पुष्कळदा औषधाच्या बाटलीत नसते, तो ज्या जागेवर आणि जितका वेळ पडून राहिला त्यात असते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, आमच्या घरी घडलेले सांगतो.

आमच्या घरची चूक

मी शेतकी पदविकेला असतानाची गोष्ट. आमच्या एका बैलाला शिंगाचा कर्करोग झाला होता. शिंग कापून काढायचे ठरले. डॉक्टर नऊ वाजता येणार होते. त्यांचा वेळ वाया जाऊ नये म्हणून आम्ही घरच्या चार जणांनी साडेसातलाच बैलाला दोर लावून खळ्यावर पाडला आणि चारी पाय बांधून ठेवला. खळे सारवून टणक केलेले, वर चार खडेही होते. डॉक्टरांना वाटेत दुसऱ्या गावी अडलेली गाय मोकळी करावी लागली. ते आले साडेदहाला. शस्त्रक्रिया झाली, दोर सोडले तेव्हा साडेअकरा वाजले होते. म्हणजे बैल चार तास एकाच कुशीवर होता.

शिंगाची जखम पंधरा दिवसांत भरत आली. पण खालच्या बाजूचा पुढचा पाय गेला तो गेलाच. कोपर खाली उतरलेले, खूर जमिनीवर घासत ओढायचा. आम्ही सगळीकडे सांगत सुटलो की इंजेक्शन बाधले. पुढे डॉक्टर पाय पाहायला आले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मी यायच्या आधी किती वेळ पाडून ठेवला होता?" आमच्यापैकी कोणीच उत्तर दिले नाही. तो बैल पुन्हा जुवाखाली आला नाही. त्या वर्षी पेरणीला दुसऱ्याची जोडी भाड्याने घ्यावी लागली.

असे का होते?

घोड्याचे वजन जातीप्रमाणे साडेतीनशे ते पाचशे किलो असते. तो उभ्यानेच डुलकी घेणारा प्राणी आहे. दिवसभरात आडवा होतो तो थोडा थोडा वेळ. बैल जास्त वेळ बसतो, पण छातीवर बसतो, आणि एक बाजू अवघडली की उठून दुसऱ्या बाजूवर बसतो. आपणही झोपेत कूस बदलतो. हात दबला की मुंग्या येतात आणि आपण तो काढून घेतो. भूल दिलेल्या जनावराला मुंग्या कळत नाहीत आणि कूस बदलता येत नाही. दोराने बांधलेल्याला कळते, पण हलता येत नाही. सगळ्या दुखण्याचे मूळ इथे आहे.

आता ठिबकच्या नळीचे उदाहरण घ्या. आपल्या जळगाव जिल्ह्यात ते वेगळे समजावून सांगायला नको. शेवटच्या झाडाला पाणी पोचायचे तर दोन गोष्टी लागतात: नळीवर कशाचे ओझे नको आणि मोटरीचा दाब पुरेसा हवा. नळीवर बैलाने पाय दिला तर पुढची झाडे कोरडी राहतात. पाय नाही दिला, पण मोटरच कमी दाबाने चालली, तरीही ती कोरडीच राहतात. आणि दोन्ही एकदम झाले तर विचारायलाच नको.

भुलेखाली घोड्याचे नेमके हेच होते. अंगाच्या वजनाने खालच्या बाजूचे स्नायू जमिनीवर दाबले जातात. स्नायूच्या आतला दाब साधारण ३० मिलिमीटर पाऱ्याच्या वर गेला की केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या मिटू लागतात. हे झाले नळीवरचे ओझे. त्याच वेळी भुलेचे वायुरूप औषध हृदयाचा जोर कमी करते आणि रक्तदाब उतरवते. ही झाली मोटर मंद होणे. १९५६ पासून हॅलोथेन नावाचे औषध वापरात आले, घोड्यांवर लांबलचक शस्त्रक्रिया करणे शक्य झाले, आणि त्याबरोबर हा स्नायूंचा विकारही जास्त दिसू लागला. आज मोठ्या दवाखान्यांत आयसोफ्लुरेनसारखी नवी औषधे आहेत, पण रक्तदाब उतरवण्याचा गुण त्यांच्यातही आहे.

रक्त पोचले नाही की स्नायूला प्राणवायू मिळत नाही. तो सुजतो. स्नायूंभोवती पक्के आवरण असते, त्यामुळे सूज बाहेर फुगू शकत नाही आणि आतला दाब आणखी वाढतो. घोडा उठल्यावर रक्त पुन्हा वाहू लागते, तेव्हा मेलेल्या स्नायूतले लाल द्रव्य रक्तात मिसळून मूत्रपिंडात जाते. मग लघवी काकवीच्या रंगाची होते, आणि मूत्रपिंड निकामी होण्याची भीती असते. स्नायूंशेजारून जाणाऱ्या नसाही दबतात. आमच्या बैलाच्या पायाची नस अशीच गेली होती.

धोका किती?

उगाच भीती घालायची नाही, म्हणून आकडे देतो. २००२ साली इंग्लंडमधून प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ४१,८२४ घोड्यांच्या भुलेची नोंद होती. त्यांत दर हजारी सुमारे १९ घोडे भुलेत किंवा त्यानंतरच्या सात दिवसांत दगावले. पोटशुळाचे घोडे आधीच अत्यवस्थ असतात; ते वगळले तर हे प्रमाण दर हजारी ९ होते. दगावलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश घोडे उठताना हाड मोडल्याने किंवा स्नायू निकामी झाल्याने गेले. पुढे २०२१ साली तशीच दुसरी पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात एकूण प्रमाण दर हजारी १० वर आलेले दिसले. म्हणजे बहुतेक घोडे नीट उठतात. पण माणसांच्या मानाने हा धोका पुष्कळ मोठा आहे, आणि काळजी घेतली तर तो कमी होतो, हेही त्यातून दिसते.

डॉक्टरांचे काम आणि मालकाचे काम

औषध कोणते, किती, रक्तदाब कसा राखायचा, हे डॉक्टरांचे काम. मोठ्या दवाखान्यात लांब शस्त्रक्रिया असेल तेव्हा रक्तवाहिनीत नळी घालून दाब मोजतात आणि सरासरी दाब ७० मिलिमीटर पाऱ्याच्या खाली जाऊ देत नाहीत. त्यासाठी सलाइन देतात, भूल शक्य तितकी हलकी ठेवतात, गरज पडल्यास हृदयाला जोर देणारे औषध थेंबाथेंबाने सोडतात. खच्चीसारखी छोटी शस्त्रक्रिया मात्र मळ्यावरही होते. त्यासाठी शिरेतून झायलाझिन आणि केटामाइन ही औषधे देण्याची पद्धत आहे. त्यात साधारण १५ ते २० मिनिटांची भूल मिळते. वेळ थोडा म्हणून धोकाही थोडा.

पण जागा, गादी, माणसे आणि घड्याळ ही मालकाची जबाबदारी. तिचा तपशील असा:

१. आदल्या रात्रीपासून दाणा-वैरण बंद ठेवावी. पाणी केव्हा बंद करायचे ते डॉक्टरांना विचारावे. भरलेले पोट छातीवर दाब आणते आणि रक्ताचे अभिसरण बिघडवते.

२. घोडा आधीच थकलेला, घामाघूम झालेला किंवा हागवणीने सुकलेला असेल तर डॉक्टरांना तसे सांगावे. "चालवून घ्या" म्हणू नये. अंगात पाणी कमी म्हणजे रक्तदाब कमी.

३. जागा सपाट, मऊ आणि सावलीची निवडावी. फरशी, खडी, टणक खळे नको. हिरवळ उत्तम. नाहीतर मोकळी वाळू किंवा मऊ माती वीतभर पसरून त्यावर पाचटाचा जाड थर द्यावा आणि वर बारदान अंथरावे. पाचटात उसाचे बुडखे व कांड्या राहू देऊ नयेत, त्या टोचतात. फोमची जाड गादी मिळाली तर फारच चांगले.

४. घोडा आडवा झाल्यावर म्होरकी काढून टाकावी. गालावरून जाणारी नस कडी-बकलाखाली दबते, आणि मग ओठ एका बाजूला लोंबतो. डोक्याखाली घडी घातलेले बारदान द्यावे. खालचा डोळा मातीत घासू देऊ नये.

५. खालच्या बाजूचा पुढचा पाय हलकेच पुढे ओढून घ्यावा. त्यामुळे खांद्याचा आणि दंडाचा मोठा स्नायू छातीच्या वजनाखालून काही अंशी सुटतो. या एका कृतीला पैसा लागत नाही आणि तिचा उपयोग फार आहे.

६. त्याच खांद्याखाली हवा भरलेली ट्यूब ठेवण्याची जुनी पद्धत आहे. टायरगाडीची किंवा मोटारीची ट्यूब अर्धवट फुगवून, खालचा पाय तिच्या पोकळीतून पुढे काढून ठेवतात. ट्यूब गच्च फुगवू नये, नाहीतर तीच दगडासारखी टोचते.

७. वरच्या बाजूचे दोन्ही पाय लोंबकळत ठेवू नयेत. दोन पायांच्या मध्ये पाचटाची गाठोडी किंवा भरलेली पोती ठेवून वरचा पाय जमिनीला समांतर राहील असा आधार द्यावा. वरच्या पायाचे वजन खालच्या पायावर पडू नये आणि त्यातले रक्त तुंबू नये हा हेतू. दोर लावायचाच तर ओढून ताणून बांधू नये.

८. एका माणसाकडे फक्त घड्याळ द्यावे. आडवा कधी झाला, किती मिनिटे झाली, हे त्याने डॉक्टरांना सांगत राहावे. काम संपल्यावर फोटो, चहा, गप्पा यात पाच मिनिटेही घालवू नयेत.

उठताना घाई नको

घोडा आधी पुढचे पाय रोवतो आणि मग मागचा भाग उचलतो. गाय-बैल उलट, आधी मागून उठतात. ही साधी गोष्ट मदत करणाऱ्यांना माहीत नसते आणि ते चुकीच्या टोकाला जोर लावतात. भूल उतरताना घोडा भेदरलेला असतो. डोळ्यांवर फडके टाकावे, आजूबाजूला शांतता ठेवावी, पोरेबाळे आणि कुत्री लांब ठेवावी. चाबूक वाजवून, शेपूट पिरगाळून उठवू नये. अर्धवट शुद्धीत उठलेला घोडा तोल जाऊन पडतो आणि पाय मोडून घेतो. तो आपणहून छातीवर आला की तिथे थोडा वेळ बसू द्यावे. पूर्ण शुद्धीवर येऊन नीट उभा राहीपर्यंत वैरण देऊ नये. घास घशात अडकतो.

उठल्यावर पहिले काही तास नीट लक्ष ठेवावे. खांदा, दंड, पुठ्ठा किंवा गालफड यांवरून हात फिरवावा. तिथले मांस लाकडासारखे कडक व सुजलेले लागणे, घाम, थरथर, अस्वस्थपणा, पाय टेकवायला नकार, कोपर खाली उतरणे, लघवीचा रंग तांबडा-काळा होणे, यांपैकी एक जरी दिसले तरी डॉक्टरांना ताबडतोब बोलवावे. सलाइन आणि वेदनाशामक लवकर सुरू झाले तर पुष्कळ घोडे सावरतात. अशा वेळी "चालवला की मोकळा होईल" म्हणून घोडा फिरवणे ही मोठी चूक आहे. मार लागलेल्या स्नायूला कामाला लावल्यासारखे ते होते. दुकानातून दुखण्याचे इंजेक्शन आणून स्वतः टोचणे ही दुसरी चूक. सुकलेल्या जनावराच्या मूत्रपिंडाला ती औषधे बाधतात. डायक्लोफेनॅकला तर २००६ पासून आपल्या देशात जनावरांसाठी बंदीच आहे, कारण ते दिलेल्या जनावराचे मढे खाऊन गिधाडे मरतात.

बैलवाल्यांनी काय घ्यावे?

घोडे थोड्यांकडे, बैल व दुभती जनावरे पुष्कळांकडे. म्हणून हा धडा घोड्यापाशी थांबत नाही.

बैलाची बहुतेक कामे जागा बधिर करून उभ्यानेच होतात, आणि तेच चांगले. बैल आडवा पाडला की पोटातला वायू अडकून पोट फुगते, आणि ओकारी श्वासनळीत जाण्याचा धोका असतो. पाडणे भागच असेल तर डॉक्टर समोर हजर झाल्यावरच पाडावा, आधी नाही. आमच्या घरची चूक आपण करू नये. गादी, पुढे ओढलेला पाय, सैल केलेली म्होरकी, घड्याळ, हे सर्व घोड्याप्रमाणेच. काम झाल्याबरोबर दोर सोडून बैलाला छातीवर बसवावे.

आणखी एक गोष्ट. झायलाझिन हे औषध गाय-बैलाला घोड्याच्या मानाने सुमारे एक दशांश मात्रेतच पुरते. घोड्याची मात्रा बैलाला दिली तर तो दगावू शकतो. म्हणून अर्धवट माहितीच्या माणसाकडून भुलेचे इंजेक्शन टोचून घेऊ नये. दोनशे रुपये वाचवायला जाऊन जोडी मोडते.

व्यालेली गाय बसली तर

हा भाग आपल्या घरच्या बाया-बापड्यांनी अवश्य वाचावा. जास्त दुधाची गाय व्याल्यावर एक-दोन दिवसांत अंगातले कॅल्शियम उतरून बसते. डॉक्टर कॅल्शियम लावतात, गाय ताजीतवानी दिसते, खाते-पिते, पण उठत नाही. आपण म्हणतो, "औषध लागू पडलं नाही." खरे कारण अनेकदा वेगळे असते. डॉक्टर येईपर्यंत गाय रात्रभर एकाच पायावर बसून राहिलेली असते आणि त्या पायाचे मांस मेलेले असते.

याचा पुरावा भुलेतूनच मिळाला. १९८२ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथील संशोधकांनी निरोगी गायींना भूल देऊन, एक मागचा पाय अंगाखाली राहील अशा रीतीने ६ ते १२ तास ठेवले. गायींना कोणताही आजार नव्हता, कॅल्शियम कमी नव्हते. तरीही त्यांतल्या निम्म्या गायींना नंतर उठता आले नाही. नुसत्या स्वतःच्या वजनाने सहा तासांत धडधाकट गाय बसते, हे त्यातून सिद्ध झाले.

म्हणून गाय बसली की दोन कामे एकदम करावीत. एकाने डॉक्टरांना फोन करावा, बाकीच्यांनी गायीखाली वाळू-पाचटाची जाड गादी करावी आणि दर दोन-तीन तासांनी तिची बाजू बदलावी. रात्रीसुद्धा. कुशीवर पडली असेल तर छातीवर बसवून दोन्ही बाजूंना भरलेल्या पोत्यांचा टेकू द्यावा. बाजू बदलताना मागचे पाय चोळावेत. फरशीवरून शेपटीला धरून ओढू नये. डॉक्टरांना सांगताना "सकाळपासून बसली" असे मोघम न सांगता नेमकी वेळ सांगावी आणि ती लपवू नये.

शेवटी

त्या सभासद बांधवाच्या घोड्याचे पुढे काय झाले, ते सांगून संपवतो. ठरल्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गेलो. त्यांनी आंब्याखाली वाळू टाकून वर पाचट व बारदान अंथरले होते, आणि टायरगाडीच्या चाकाची जुनी ट्यूब आणली होती. डॉक्टर हसले आणि म्हणाले, "निम्मं काम तुम्हीच करून ठेवलंत." घोडा आडवा झाला तेव्हा मालकाच्या मुलाच्या हातात घड्याळ होते. अठरा मिनिटांत काम संपले. आणखी वीस मिनिटांनी घोडा छातीवर आला, थोडा वेळ बसला आणि एका झटक्यात उभा राहिला. मालकाने खांद्यावरून हात फिरवला. मांस मऊ होते.

माझ्या डोळ्यांपुढे मात्र आमचे जुने खळे आणि पाय ओढत चाललेला बैल होता. त्या दिवशी आमच्याकडेही पाचट होते, बारदान होते, घरात घड्याळही होते. नव्हते ते एवढे ज्ञान, की मुके जनावर एकाच कुशीवर पडून राहते तेव्हा त्याच्यातर्फे कूस बदलणे हे आपले काम आहे.

तरी सर्व सभासद बंधू-भगिनींनी हे पान जपून गोठ्यात लावून ठेवावे, आणि शेजाऱ्यालाही वाचून दाखवावे, ही विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी
दीपनगर गट